सिकलसेल वाहकांसाठीची आठ आठवड्यांची व्यायामसेवा : एका वाहकाचे परीक्षण

मी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची रुग्ण नाही, वाहक आहे, म्हणजे त्याचे जनुक मला आई-वडिलांपैकी एकाकडूनच मिळाले आहे, आणि गेली अनेक वर्षे मी नियमित धावते. हे सांगितले की समोरचा माणूस एक तर "मग काही काळजी नाही" म्हणून विषय मिटवतो, नाहीतर "मग धावता कशाला?" असे विचारतो. या दोन्ही उत्तरांनी माझे समाधान होत नसल्यामुळे, एका क्रीडावैद्यक केंद्राने खास वाहकांसाठी आखलेली आठ आठवड्यांची व्यायामसेवा मी घेतली. केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही. माझ्या काही तक्रारी आहेत, परंतु अशाच पद्धतीच्या सेवा इतरत्रही मिळतात आणि वाहकाच्या रक्ताकडे पाहण्याची त्यांची रीत तपासावी, एवढाच माझा हेतू आहे. या सेवेत चार गोष्टी मिळतात : सुरुवातीची रक्तचाचणी आणि समुपदेशन, मनगटावर बांधायचे घड्याळ, आठवड्यातून तीन दिवस प्रशिक्षकाच्या देखरेखीखालील सराव, आणि व्यायामापूर्वी व व्यायामानंतर घेतलेल्या रक्तनमुन्यांचा तुलनात्मक अहवाल. यांपैकी सराव उत्तम आहे, चाचणी समाधानकारक आहे, घड्याळ या कामासाठी निरुपयोगी आहे आणि तुलनात्मक अहवाल चक्क दिशाभूल करणारा आहे.

चाचणीपासून सुरुवात करते. पहिल्या दिवशी माझ्यासमोरच सोल्युबिलिटी चाचणी झाली. रक्ताचा थेंब द्रावणात पडला आणि पाच मिनिटांत नळी इतकी गढूळ झाली की तिच्यामागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेषा दिसेनाशा झाल्या. तंत्रज्ञाने लगेच नोंदवहीत "पॉझिटिव्ह" असे लिहिले. येथे थांबणाऱ्या प्रयोगशाळा पुष्कळ आहेत आणि घोटाळा तेथेच होतो, कारण ही चाचणी रक्तात हिमोग्लोबिन एस, म्हणजे या विकारातले बदललेले हिमोग्लोबिन, आहे एवढेच सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे ती सांगू शकत नाही. या केंद्राने नमुना पुढे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी चाचणीसाठी पाठवला आणि तिसऱ्या दिवशी आकडे हाती दिले. माझ्या रक्तात हिमोग्लोबिन एस ३७.१ टक्के आणि साधे हिमोग्लोबिन ए त्याहून बरेच अधिक, म्हणजे वाहकाचे नेहमीचे चित्र निघाले. वाहकांत एसचे प्रमाण बहुधा ३५ ते ४० टक्क्यांच्या आसपास असते. जोडीला अल्फा थॅलेसेमियाचा, म्हणजे हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळ्या कमी बनण्याचा, आनुवंशिक गुण असेल तर ते आणखी खाली येते, आणि हा फरक व्यायामाच्या दृष्टीने बिनमहत्त्वाचा नाही. समुपदेशकांनी ही शेवटची गोष्ट मी न विचारता सांगितली, याचे गुण त्यांना दिलेच पाहिजेत.

गुण कापावे लागतात ते छापील साहित्याचे. हातात दिलेल्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच ओळीत "वाहकांना कोणताही त्रास होत नाही" असे आश्वासन होते, आणि त्याच पिशवीतल्या संमतिपत्रात "श्रमामुळे आकस्मिक मृत्यूचा धोका २८ पट" असे ठळक अक्षरांत छापलेले होते. दोन्ही कागदांवर एकाच संस्थेचे बोधचिन्ह होते. दोन्ही विधानांना आधार आहे, मात्र तो अर्धाच सांगितलेला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे.

२८ पट हा आकडा १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून आला आहे. अमेरिकी सैन्यदलांत १९७७ ते १९८१ या काळात भरती झालेल्या सुमारे २० लाख तरुणांच्या प्राथमिक प्रशिक्षणातील मृत्यूंची त्यात छाननी झाली. अन्य कारण न सापडलेल्या आकस्मिक मृत्यूंचे प्रमाण कृष्णवर्णीय वाहकांत लाखामागे ३२.२ आणि वाहक नसलेल्या कृष्णवर्णीयांत लाखामागे १.२ असे आढळले. प्रमाणातली ही तफावत भयंकर आहे. तरीही ज्यांच्यात ती आढळली, त्या वाहकांपैकीही प्रत्येक लाखातले ९९ हजारांहून अधिक तरुण त्या खडतर प्रशिक्षणातून सुखरूप पार पडले, हेही त्याच आकड्यात दडलेले आहे. पुढे २०१६ साली आणखी एक मोठा अभ्यास आला. २०११ ते २०१४ या काळात अमेरिकी लष्करात असलेल्या ४७,९४४ कृष्णवर्णीय सैनिकांच्या नोंदी त्यात तपासल्या गेल्या आणि वाहकांत मृत्यूचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. मात्र श्रमामुळे स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतील द्रव्ये रक्तात उतरण्याचा, म्हणजे रॅब्डोमायोलिसिसचा, धोका वाहकांत ५४ टक्क्यांनी अधिक होता. तंबाखूचे सेवन करणाऱ्या सैनिकांतही तो जवळपास तितकाच वाढलेला होता. या दोन अभ्यासांमधल्या काळात सैन्याने पाणी, उष्णता आणि विश्रांती यांविषयीचे नियम सर्वच सैनिकांना लागू केले होते, ही बाब मला त्या आकड्यांइतकीच महत्त्वाची वाटते. रक्त तेच होते. त्याच्याकडून काम करून घेण्याची रीत बदलली होती. माहितीपत्रकात यातला एक परिच्छेद जरी आला असता, तरी संमतिपत्रावर सही करताना माझा हात अडखळला नसता.

समुपदेशनाचे दुसरे सत्र या सेवेतले सर्वांत समृद्ध सत्र होते, कारण त्यात व्यायामाच्या वेळी वाहकाच्या लाल पेशीचे नेमके काय होते, हे सूक्ष्मदर्शकासमोर बसवून समजावले गेले. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते, एवढाच मुळातला बदल. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली या आजाराला रेणूचा आजार म्हटले, ते याच प्रथिनातल्या फरकामुळे. ऑक्सिजन धरून असलेले हिमोग्लोबिन एस पेशीत निमूटपणे विरघळलेले असते. ऑक्सिजन सुटला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब धागे तयार होतात आणि मऊ, तबकडीसारखी पेशी ताठर होऊन विळ्यासारखी वाकते. वाहकाच्या प्रत्येक पेशीत निम्म्याहून अधिक हिमोग्लोबिन ए असते आणि ते या धाग्यांत सहजी गुंफले जात नाही, म्हणून एरवी काहीच घडत नाही. काचपट्टीवर माझ्याच रक्ताचा थेंब होता. ऑक्सिजन शोषून घेणारे रसायन घालून वर काच ठेवली आणि कडा बंद केल्या, तेव्हा सुरुवातीला सर्व पेशी गोल होत्या. बऱ्याच वेळाने एकेका पेशीची कड ओढल्यासारखी टोकदार होऊ लागली आणि पाहता पाहता दृष्टिक्षेत्रात विळे, होड्या आणि धान्याच्या कोंड्यासारखे तुकडे दिसू लागले. आपल्या शरीरातली गोष्ट अशी उघडी पडलेली पाहणे मुळीच सुखद नसते.

प्रश्न असा, की शरीरात ती काच आणि ते रसायन कोठून येणार? जोरदार व्यायामाच्या वेळी ती परिस्थिती काम करणाऱ्या स्नायूतच निर्माण होते. स्नायू रक्तातला ऑक्सिजन ओरबाडून घेतात. पूर्ण ताकदीने धावताना मांडीतून परतणाऱ्या रक्ताची ऑक्सिजन-संपृक्तता २० टक्क्यांच्याही खाली जाऊ शकते. लॅक्टिक आम्लासोबत रक्ताची आम्लता वाढते आणि आम्लतेमुळे हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड आणखी सैल होते. स्नायूचे तापमान चढते. शिवाय घामावाटे पाणी जाते आणि स्नायूंत साठलेली द्रव्ये पाणी ओढून घेतात, त्यामुळे लाल पेशी स्वतःही आक्रसतात आणि त्यांच्या पोटातले हिमोग्लोबिन दाटते. हा शेवटचा मुद्दा कळीचा आहे, कारण धागे तयार होण्याचा वेग हिमोग्लोबिनच्या दाटपणावर विलक्षण तीव्रतेने अवलंबून असतो. दाटपणा थोडा वाढला तरी वेग अनेक पटींनी वाढतो. या सगळ्याविरुद्ध वाहकाच्या बाजूने उभा असतो तो वेळ. धागे जमायला वेळ लागतो, पेशी केशवाहिनीतून क्षणार्धात बाहेर पडते, फुफ्फुसांत पोहोचून पुन्हा ऑक्सिजन घेते आणि धागे विरघळतात. पेशीची ही धावाधाव प्रत्येक फेरीत चाललेली असते. पेशी थोडी जरी अडकून राहिली, तरी तिला ऑक्सिजनाशिवाय जास्त वेळ काढावा लागतो, ती ताठ होते आणि मागून येणाऱ्या पेशींचीही वाट अडवते.

हे समजल्यावर सराव असाच का आखला आहे, ते आपोआप उलगडले. सेवेचे खरे मोल या सरावातच आहे. पहिले दोन आठवडे वेगाने धावणे वर्ज्य होते. चालणे, हळू पळणे आणि हलके वजन उचलणे एवढेच. तिसऱ्या आठवड्यापासून छोट्या वेगवान धावा सुरू झाल्या, पण दोन धावांमधली विश्रांती धावेपेक्षा कितीतरी लांब होती, आणि ती घड्याळाने नव्हे तर माझ्या श्वासाने ठरायची. प्रशिक्षक वयाने माझ्यापेक्षा बराच लहान होता. प्रत्येक धावेनंतर तो शेजारी येऊन म्हणायचा, "ताई, एक पूर्ण वाक्य बोलून दाखवा." वाक्य मध्येच तुटले की पुढची धाव लांबणीवर. आरंभी मला हा पोरखेळ वाटला आणि त्याच्याकडे दुर्लक्ष करण्याचा मोहही झाला, कारण पलीकडच्या मार्गिकेत सामान्य वर्गातली मंडळी शिट्टीच्या तालावर धावांमागून धावा काढत होती आणि त्यांच्यासमोर थांबून उभे राहायला संकोच वाटायचा. पण लागोपाठच्या वेगवान धावा हाच वाहकांच्या बाबतीतला सर्वांत धोकादायक प्रकार आहे. अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या १९ वर्षांच्या एका फुटबॉल खेळाडूला २००६ साली सरावाच्या शेवटी १०० यार्डांच्या १६ धावा काढायला लावल्या होत्या. तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. तो वाहक असल्याचे नंतर कळले. त्या प्रकरणाच्या न्यायालयीन तडजोडीनंतर अमेरिकेच्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने २०१० पासून आपल्या सर्वोच्च श्रेणीतील खेळाडूंसाठी वाहक-चाचणीचा नियम आणला. लांब पल्ल्याचे संथ धावणे वाहकाचे रक्त बरेच सांभाळून घेते. चार हजार मीटरहून उंच असलेल्या माउंट कॅमेरूनच्या शर्यतीत वाहक धावपटू उतरलेले आहेत आणि त्यांच्या कामगिरीचा अभ्यासही झाला आहे. विश्रांती न देता पुन्हा पुन्हा घेतलेली पूर्ण ताकद मात्र हे रक्त खपवून घेत नाही.

त्याची चुणूक मला पाचव्या आठवड्यात मिळाली. सहावी धाव संपत आली असताना दोन्ही मांड्या एकदम पोकळ झाल्यासारख्या वाटल्या. वेदना फारशी नव्हती. पाय जमिनीवर टेकत होते, पण त्यांच्यात उचलण्याचे बळ नव्हते. मी धावपट्टीच्या कडेला बसकण मारली. प्रशिक्षकाने जवळ येऊन पहिला प्रश्न विचारला, "ताई, गोळा आलाय का?" मी म्हटले, "गोळा नाही, पायांत जोरच नाही." त्याने मांडी दाबून पाहिली आणि क्षणही न दवडता सत्र थांबवले. उष्णतेमुळे येणारा गोळा दगडासारखा कडक लागतो, डोळ्यांना दिसतो आणि माणूस कळवळून ओरडतो. वाहकाच्या श्रमजन्य कोसळण्यात स्नायू मऊच राहतात, माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, फक्त उठू शकत नाही. हा फरक न ओळखता "पाय ताणा, दोन मिनिटांत बरे वाटेल" म्हणत रेटत राहिल्यामुळे जीव गेलेले आहेत. मला सावलीत आडवे केले गेले, नाकावर ऑक्सिजनचा मुखवटा आला, अंगावर ओले कापड आले, आणि दुसरा कर्मचारी रुग्णवाहिकेच्या क्रमांकावर बोट ठेवून उभा राहिला. वीस मिनिटांत पायांत बळ परत आले. तरीही त्यांनी मला घरी न पाठवता डॉक्टरांकडे नेले, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही क्रिएटिन कायनेज (स्नायूंना इजा झाल्यास रक्तात वाढणारे द्रव्य), पोटॅशियम आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या केल्या आणि लघवीचा रंग काळसर होतो का, यावर लक्ष ठेवायला सांगितले. कायनेज थोडे वाढलेले होते, बाकी सर्व ठीक निघाले. या प्रसंगातल्या त्यांच्या वागण्यात मला बोट ठेवायला जागा सापडली नाही.

चूक झाली होती ती त्याआधी, आणि ती निम्मी माझी होती. दोनच दिवसांपूर्वी माझे पोट बिघडले होते, जुलाब झाले होते आणि शरीरातले पाणी पुरते भरून आलेले नव्हते. ते मी सांगितले नाही. पण सत्रापूर्वीच्या तक्त्यात "आज ताप आहे का?" एवढा एकच प्रश्न होता. गेल्या तीन-चार दिवसांतील जुलाब, उलट्या, ताप, दमा, जागरण यांची विचारणा वाहकांच्या तक्त्यात नसणे ही मोठी उणीव आहे. माझ्या तक्रारीनंतर त्यांनी तक्ता बदलला, हे नमूद करणे न्याय्य ठरेल.

आता घड्याळाबद्दल. ते हृदयगती मोजते, रक्तातील ऑक्सिजन मोजते आणि आकडा खाली गेला की थरथरते, अशी त्याची जाहिरात आहे. माझे पाय गळाले तेव्हा त्यावर हृदयगती १७१ आणि ऑक्सिजन ९६ टक्के असे झळकत होते आणि ते अजिबात थरथरले नाही. यात घड्याळाचा दोष नाही. त्याच्याकडून चुकीच्या कामाची अपेक्षा केली गेली आहे. असे उपकरण त्वचेतून धमनीतल्या, म्हणजे फुफ्फुसांतून ताज्या आलेल्या, रक्ताचा अंदाज घेते. वाहकाच्या पेशींवर संकट येते ते त्या रक्ताने मांडीत ऑक्सिजन देऊन टाकल्यावर, शिरेच्या बाजूला. मनगटावरचा ९६ हा आकडा आणि मांडीतली परिस्थिती यांचा संबंध इतका दूरचा आहे की, सुरक्षिततेचे साधन म्हणून असे घड्याळ वाहकाच्या हाती देणे म्हणजे त्याला खोटा धीर देणे होय. हृदयगतीचा उपयोग जरूर आहे, परंतु त्यासाठी वाहकांची वेगळी सेवा कशाला हवी?

रक्तनमुन्यांचा तुलनात्मक अहवाल हा याच चुकीचा महागडा नमुना आहे. चौथ्या आणि आठव्या आठवड्यात सत्रापूर्वी आणि सत्रानंतर माझ्या दंडातल्या शिरेतून रक्त घेतले गेले, आणि दोन्ही वेळा अहवालात "विळ्याच्या आकाराच्या पेशी आढळल्या नाहीत; व्यायाम सुरक्षित" असे लिहून आले. नंतरचा नमुना धाव संपल्यावर साधारण २० मिनिटांनी घेतला गेला होता, कारण तंत्रज्ञ दुसऱ्या इमारतीत बसत असे. ऑक्सिजन मिळताच वाहकाच्या बहुतेक पेशी पुन्हा गोल होतात; फुफ्फुसांतून अनेक फेऱ्या झालेल्या, शिवाय न धावलेल्या हातातल्या, त्यातही हवा लागलेल्या रक्तात विळे शोधणे म्हणजे पाहुणे निघून गेल्यावर मांडव तपासण्यासारखे आहे. ज्या संशोधकांनी हा प्रश्न गांभीर्याने हाताळला, त्यांनी व्यायाम चालू असतानाच, त्याच राबणाऱ्या अवयवाच्या शिरेतून रक्त घेतले आणि हवेचा संपर्क न होऊ देता ते तत्काळ रसायनात स्थिर केले. अशा एका प्रयोगात चार हजार मीटर उंचीइतकी विरळ हवा निर्माण करून वाहकांना व्यायाम करायला लावला, तेव्हा शिरेतल्या रक्तात विळे स्पष्टपणे वाढलेले आढळले. उष्ण हवेत भरभर चालण्याच्या आणखी एका प्रयोगात, पाणी न पिता चालणाऱ्या वाहकांच्या रक्तात विळ्यांचे प्रमाण हळूहळू चढत गेले, आणि तेच लोक पाणी पीत चालले तेव्हा ते चढले नाही. पेशींच्या आकाराचा नाद सोडून रक्ताचा दाटपणा मोजला असता, तरी हाती काही उपयुक्त लागले असते, कारण वाहकांचे रक्त मुळातच किंचित दाट आणि त्यातल्या पेशी किंचित ताठर असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे आणि व्यायामाच्या वेळी पुरेसे पाणी मिळाले की दाटपणातला हा फरक बराचसा मिटतो. समुपदेशकांना मी हे विचारले, तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि "अहवालामुळे लोकांना बरे वाटते" असे प्रांजळ उत्तर दिले. त्यांचा प्रांजळपणा मला आवडला, अहवाल नाही.

पाण्याच्या बाबतीत सेवेने एक गोष्ट अचूक केली आणि एक फसवी. प्रत्येक सत्रापूर्वी आणि सत्रानंतर वजन घेतले जाते. घटलेला प्रत्येक किलो म्हणजे जवळपास एक लिटर पाणी, हा हिशेब सोपा आणि विश्वासार्ह आहे. परंतु स्वच्छतागृहाच्या दारावर लघवीच्या रंगांची पट्टीही चिकटवलेली आहे आणि "रंग फिकट असेल तर पाणी पुरेसे आहे" असे तिच्याखाली लिहिलेले आहे. सामान्य खेळाडूसाठी हे चालेल. वाहकाच्या मूत्रपिंडाचा आतला भाग मात्र कमी ऑक्सिजनाचा, आम्लधर्मी आणि अतिशय खारट असतो; तेथे पेशी वाकण्याची सारी सामग्री बारा महिने हजर असते, आणि त्यामुळे अनेक वाहकांच्या मूत्रपिंडाची लघवी दाट करण्याची क्षमता वयाबरोबर उणावते. अशा माणसाचे पाणी कमी पडलेले असतानाही लघवी फिकटच राहू शकते. पट्टीवरचा फिकट रंग पाहून मी स्वतः त्या पाचव्या आठवड्यातल्या सत्राला निर्धास्तपणे उतरले होते. उलट, लघवीत रक्त दिसणे हे वाहकांनी कधीही अंगावर काढू नये असे लक्षण आहे, आणि त्याचा उल्लेख मात्र त्या पट्टीवर नाही.

उंचीवरील व्यायामासाठी एक स्वतंत्र सत्र होते. ते नेटके, पण घाईत उरकलेले होते. माजी अमेरिकी व्यावसायिक फुटबॉलपटू रायन क्लार्क हे वाहक आहेत. २००७ साली समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवरच्या डेन्व्हर शहरात सामना खेळल्यानंतर त्यांची प्लीहा आणि पित्ताशय काढावे लागले, आणि पुढे २०१२ साली तेथेच झालेल्या महत्त्वाच्या सामन्यातून त्यांच्या प्रशिक्षकांनी त्यांना वगळले. हे उदाहरण सांगितले गेले, डाव्या बरगडीखाली दुखू लागल्यास ताबडतोब खाली उतरण्याची सूचनाही दिली गेली, पण उंचीवर गेल्यावर पहिले काही दिवस सराव किती कमी ठेवायचा, याचे उत्तर मोघमच राहिले. मोबाइलवरील उपयोजनाबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. सत्रांच्या वेळा कळतात.

माझा एक आक्षेप मात्र सेवेच्या मूळ कल्पनेलाच आहे. अमेरिकेतील रक्तविज्ञान तज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली खेळाडूंवरील सक्तीच्या वाहक-चाचणीला विरोध केला आणि सावधगिरीचे नियम सर्वांनाच सारखे लागू करावेत, अशी भूमिका घेतली. तेव्हा ती मला जरा पुस्तकी वाटली होती. आठ आठवडे पलीकडच्या मार्गिकेकडे पाहिल्यावर ती पटू लागली आहे. तेथे शिट्टीवर धावणाऱ्यांपैकी कोण वाहक आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. जगात वाहकांची संख्या सुमारे ३० कोटी मानली जाते आणि त्यांतल्या बहुतेकांना आपण वाहक असल्याचा पत्ता नसतो. सावकाश चढत जाणारा सराव, श्वास परतेपर्यंत विश्रांती, आजारपणात सुट्टी आणि पाय मऊ पडल्यास तत्काळ थांबणे या गोष्टींनी वाहक नसलेल्या कोणाचेही नुकसान होत नाही. तरीही चाचणी नकोच, असे मी म्हणणार नाही, कारण मी वाहक आहे हे माहीत असल्यामुळेच त्या दिवशी प्रशिक्षकाने पहिला प्रश्न योग्य विचारला.

ज्यांना आपले हिमोग्लोबिन कळलेले आहे, जे वेगाच्या खेळात उतरू पाहतात किंवा दीर्घ खंडानंतर पुन्हा व्यायाम सुरू करत आहेत, त्यांनी अशी सेवा सरावासाठी आणि समुपदेशनाच्या दुसऱ्या सत्रासाठी जरूर घ्यावी. आधीपासून संथ, लांब पल्ल्याचे धावणारे आणि स्वतःची गती स्वतः ठरवणारे वाहक तिच्याविना अडणार नाहीत. घड्याळासहितचा आणि घड्याळाविना असे दोन पर्याय असतील, तर दुसरा निवडावा. मी पुढच्या आठ आठवड्यांसाठी पुन्हा नाव नोंदवले आहे. अर्ज भरताना "व्यायामोत्तर रक्तनमुना" या ओळीवर काट मारली, समोरच्या लिपिकाने कारण विचारले, आणि मी त्याला तंत्रज्ञाची खोली धावपट्टीपासून किती अंतरावर आहे ते मोजून पाहायला सांगितले.